वाऱ्याची वाट

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एखाद्या गावी, घरापुढच्या उतारावर उभी केलेली, दोन रंगांत रंगविलेली, पुढची काच मधोमध दुभागलेली आणि तोंडावर ताटाएवढे बोधचिन्ह मिरविणारी एक जुनी फोक्सवॅगन प्रवासी व्हॅन विक्रीस काढलेली असते, आणि तिच्याविषयीच्या मजकुरात बहुधा इतकेच सांगितलेले असते की, गाडी १९६५ सालची आहे, खिडक्या २१ आहेत, इंजिन मूळच्यापेक्षा मोठे बसविले आहे, गाडी जमिनीच्या जवळ आणली आहे, आतील बैठकी नव्याने शिवल्या आहेत आणि किमतीचे समक्ष बोलता येईल. हा मजकूर खोटा असतो असे मला म्हणावयाचे नाही. परंतु ज्या यंत्राला हौशी माणसांनी साठ वर्षे आपापल्या मनाप्रमाणे कापले, जोडले, रंगविले आणि पुन्हा खरवडले, त्याची खरी हकीकत पाच ओळींत मावत नाही. आणि ती वाचावयाची तर ज्या गाडीला आपण 'मूळची' म्हणतो ती मुळात कशी जन्मली, येथूनच आरंभ करावा लागतो.

ती जन्मली तीच फेरफारातून. उत्तर जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे 'लोकांची मोटार' निर्माण करण्याच्या घोषणेनिशी नाझी राजवटीने १९३८ साली जो कारखाना उभारावयास घेतला, आणि ज्यात युद्धकाळात हजारो वेठबिगार व बंदिवान यांच्याकडून लष्करी कामे करवून घेण्यात आली, तो युद्धसमाप्तीनंतर ब्रिटिश लष्कराच्या अखत्यारीत आला व त्याची देखरेख मेजर आयव्हन हर्स्ट या तरुण अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. कारखान्यात जड सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी लष्कराने उसने दिलेले उचलगाडे जेव्हा परत मागविले गेले, तेव्हा हाताशी असलेल्या छोट्या मोटारीच्या सांगाड्यावरच सपाट फळ्या टाकून आणि चालकाला अगदी मागे, इंजिनाच्या डोक्यावर बसवून एक ओबडधोबड मालवाहू गाडा तयार करण्यात आला. त्यास 'प्लाटेनवागेन' म्हणत. मोटारींचा डच व्यापारी बेन पॉन याने हा गाडा पाहिला, तो आपल्या देशात नेऊन विकावा असे त्याच्या मनाने घेतले. पण चालक मागे बसतो या कारणास्तव डच वाहतूक खात्याने परवानगी नाकारली. तेव्हा २३ एप्रिल १९४७ रोजी पॉनने आपल्या टिपणवहीच्या एका पानावर पेन्सिलीने एक पेटी काढली: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, आणि माल दोहोंच्या मध्ये. ते पान आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. त्यातल्या काही रेघा इतक्या बाळबोध आहेत की शाळकरी मुलाने पावाचे चित्र काढावे तशी ती आकृती दिसते. आणि गंमत अशी की, पुढे पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखात व डेन्मार्कमध्ये लोकांनी या गाडीला जी लाडकी नावे दिली ती पावाचीच होत.

या रेखाटनातील शहाणपण मात्र बाळबोध नव्हे. चालकाचे ओझे पुढच्या चाकांवर, इंजिनाचे मागच्या चाकांवर आणि मालाचे दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये पडत असल्यामुळे गाडी रिकामी असो वा भरलेली असो, तिचा तोल फारसा ढळत नाही. मालवाहू गाड्यांच्या इतिहासात ही गोष्ट सोपी वाटते तितकी सोपी नव्हती. कारखान्याला त्यावेळी मोटारींचीच मागणी पुरविता येत नसल्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही कल्पना बाजूस ठेवली, आणि जानेवारी १९४८ मध्ये हाइन्रिख नोर्डहॉफ यांच्या हाती सूत्रे आल्यानंतरच तिला वाचा फुटली. पहिल्या प्रयोगात छोट्या मोटारीचाच सांगाडा वापरला तो ओझ्याखाली टिकला नाही, म्हणून खालच्या बाजूस तुळयांची शिडी जोडून अंग व सांगाडा एकजीव केलेली नवी रचना करावी लागली. ब्राउनश्वाइग येथील तांत्रिक विद्यालयाच्या वातविवरात तिच्या प्रतिकृतीची परीक्षा झाली, तेव्हा सपाट तोंडाच्या पेटीला वाऱ्याचा विरोध दर्शविणारा गुणांक ०.७५ भरला, आणि तेच तोंड गोलसर करताच तो ०.४४ वर उतरला. आज ज्या हसऱ्या मुद्रेसाठी माणसे लाखो रुपये मोजतात, ती मुद्रा कोणा कलावंताच्या लहरीतून आलेली नसून वाऱ्याने घडविलेली आहे. नोव्हेंबर १९४९ मध्ये ती पत्रकारांना दाखविली गेली, ८ मार्च १९५० पासून तिचे नियमित उत्पादन सुरू झाले, १९५६ मध्ये तिच्यासाठी हॅनोव्हर येथे स्वतंत्र कारखाना उभा राहिला, आणि दुभंगलेल्या काचेचा हा पहिला अवतार जर्मनीत १९६७ साली संपला तोपर्यंत सुमारे १८ लक्ष गाड्या बाहेर पडल्या होत्या.

आता मुख्य विषयाकडे वळतो. या गाडीच्या पाठीत पाणी नाही. आपल्याकडे घाट चढताना बोनेट उघडून रस्त्याकडेला उभी राहिलेली आणि रेडिएटरमधून वाफ सोडणारी मोटार ज्याने पाहिली आहे, त्याला हे वाक्य किती आकर्षक आहे ते सांगावयास नको. युरोपात प्रश्न उलट होता. तेथे थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवलेल्या मोटारीतले पाणी गोठे आणि इंजिनाचे बीड तडकून जाई. सर्वसामान्य माणसाजवळ मोटार ठेवावयास बंदिस्त जागा नाही हे गृहीत धरून फर्डिनांड पोर्शे यांच्या हाताखालील मंडळींनी, विशेषतः फ्रान्झ राइमश्पीस यांनी, १९३० नंतरच्या दशकात जे इंजिन रचले त्यात चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे निजविले होते आणि त्यांच्या अंगाभोवती पातळ पात्यांची वलये ओतून घेतली होती, जेणेकरून धातूचा वाऱ्याशी स्पर्श होणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढावा. व्हॅनच्या आरंभीच्या आवृत्तीत हे इंजिन अवघे ११३१ घनसेंटिमीटरचे आणि २५ अश्वशक्तीचे होते. तेवढ्या बळावर ती पाऊण टन ओझे वाही.

परंतु 'वाऱ्याने थंड होणारे' या शब्दांनी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. मोटारसायकलचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. व्हॅनचे इंजिन तर पाठीमागे एका बंद कप्प्यात आहे, तेथे समोरचा वारा पोहोचतच नाही. म्हणून त्याला वारा आणून द्यावा लागतो, व त्यासाठी एक नेमकी वाट आखलेली आहे. मागच्या चाकांच्या वर, गाडीच्या दोन्ही कुशींना ज्या आडव्या फटी दिसतात त्यांतून थंड हवा इंजिनाच्या कप्प्यात येते. डायनामोच्याच दांड्यावर बसविलेला पंखा ती खेचून घेतो आणि कमानदार पत्र्याच्या आवरणातून खाली सिलिंडरांवर फेकतो. तेथील उष्णता घेऊन ती गाडीच्या पोटाखाली निघून जाते. इंजिनाभोवती चहूबाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या आणि रबराची कड बसविलेली असते, तिचे काम एकच, की खाली गेलेली तप्त हवा पुन्हा वर येऊ नये. पंखा ज्या पट्ट्याने फिरतो त्याच पट्ट्याने डायनामोही फिरतो. म्हणून चालकासमोरचा लाल दिवा लागला तर त्याचा अर्थ वीज तयार होत नाही एवढाच नसून, कदाचित पट्टा तुटला आहे व पंखा थांबला आहे असाही होतो, आणि जाणता चालक तत्क्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतो. उरलेली उष्णता वंगण वाहून नेते, तेही जेमतेम अडीच लिटर, आणि त्याला गाळणी म्हणाल तर तारेची साधी जाळी. दर ५,००० किलोमीटरला वंगण बदलावे व झडपांचे अंतर तपासावे हा जो नियम जुने मालक धर्माज्ञेसारखा पाळीत, त्याचे कारण या काटकसरीत आहे.

ही वाट मनात ठसली म्हणजे फेरफार केलेल्या गाडीचे परीक्षण निम्मे झाले असे मी समजतो. कारण मूळ गाडीत बदल करणे हे पातक आहे असे मानणाऱ्या पंथाचा मी नाही. जी गाडी स्वतःच दुसऱ्या मोटारीच्या सांगाड्यावर फळ्या टाकून सुचली, जिच्यातून वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया कारखान्याने १९५१ पासून पलंग, कपाट आणि चूल असलेली फिरती घरे केली, जी रुग्णवाहिका झाली, अग्निशामक झाली, टपालगाडी झाली, तिला 'जशी होती तशीच राहा' असे कोणत्या तोंडाने सांगावे? प्रश्न एवढाच, की ज्याने हात घातला त्याला ही वाट ठाऊक होती की नाही.

मधला काळ ओलांडताना एक जकातीची कथा सांगितली पाहिजे, कारण अमेरिकेत विक्रीस येणाऱ्या व्हॅन बहुतांशी प्रवासीच का असतात याचा उलगडा तीत आहे. १९६२ च्या सुमारास युरोपीय सामायिक बाजारपेठेने अमेरिकेतून येणाऱ्या कोंबड्यांवर जबर जकात बसविली. त्याचा वचपा म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी फर्मान काढून बटाट्याचे सत्त्व, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार जिनसांवर २५ टक्के जकात लादली. फोक्सवॅगनच्या बंद पाठीच्या मालवाहू गाड्या या तडाख्यात सापडल्या, खिडक्या व बैठकी असलेल्या मात्र सुटल्या. म्हणजे कोंबडीच्या भांडणामुळे अमेरिकन रस्त्यावर खिडक्यांचे राज्य झाले. पुढे त्याच गाड्या जुन्या व स्वस्त झाल्या, समुद्रलाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या हाती गेल्या, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीतमेळाव्यात बॉब हिएरोनिमस या चित्रकाराने नखशिखान्त रंगविलेली 'लाइट' नावाची व्हॅन छायाचित्रकारांच्या नजरेत भरली तेव्हा गाडी हे एका पिढीचे निशाण होऊन बसले.

ती पिढी आपल्याही दाराशी आली. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या वाटेने युरोपातून निघालेली तरुण मंडळी गोव्यातील हणजुणेच्या किनाऱ्यावर उतरत, त्यांतील कित्येकांच्या गाड्या याच जातीच्या असत. आणि अफगाणिस्तानातील गोठविणारी रात्र व इराणातील भाजणारी दुपार ज्या गाडीला सारखीच, ती या प्रवासासाठी का निवडली जाई हे आता निराळे सांगावयास नको. १९७९ मध्ये इराणात राज्यक्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. महाराष्ट्राशी या यंत्राचे आणखी एक दूरचे नाते आहे. हँबर्गच्या टेंपो कारखान्याने १९४९ साली 'मॅटाडोर' नावाची जी व्हॅन काढली तिच्यात प्रारंभी हेच २५ अश्वशक्तीचे फोक्सवॅगन इंजिन असे. फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन बाजारात आणल्यावर हा पुरवठा आटला. त्याच टेंपोशी करार करून फिरोदियांनी आपल्याकडे बजाज टेंपो उभी केली, आणि 'टेंपो' व 'मॅटाडोर' ही दोन्ही नावे अशी खेडोपाडी पसरली की आज ती परकी आहेत हे कोणास आठवतही नाही. आपला मॅटाडोर यंत्राने निराळा, डिझेलवर चालणारा. नाव मात्र त्या घराण्याचे.

आता त्या २१ खिडक्यांकडे. १९५१ पासून निघणाऱ्या उंची प्रवासी आवृत्तीस, जिला सर्वत्र 'सांबा' म्हणतात, छताच्या कडेने दोन्ही बाजूंस चार-चार लहान काचा, उघडणारे कापडी छत आणि मागच्या कोपऱ्यांत वळलेल्या दोन काचा असत; नेहमीच्या खिडक्या धरून एकूण २३ खिडक्या होत. १९६३ च्या उत्तरार्धात मागचे दार रुंद करण्यात आले, कोपऱ्याच्या काचा गेल्या आणि संख्या २१ वर आली. तेव्हा १९६५ च्या गाडीला २३ खिडक्या आहेत असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर दोन तरी खिडक्या कारखान्याबाहेर जन्मल्या हे उघड आहे. लिलावात अस्सल सांबाला २ लाख डॉलरांहून अधिक किंमत आल्याची उदाहरणे आहेत, आणि जेथे किंमत तेथे तोतया हा न्याय मोटारींसही लागू आहे. साध्या गाडीचे छत कापून काचा बसविणे हा एक धंदाच होऊन बसला आहे. त्यावर तोड म्हणून दस्तऐवज पाहावा. ऑगस्ट १९६४ नंतरच्या गाडीच्या क्रमांकातील पहिले दोन अंक तिची जात सांगतात, २१ म्हणजे मालवाहू, २२ साधी प्रवासी, २३ कोंबी आणि २४ म्हणजे सांबा. तिसरा अंक वर्षाचा. इंजिनाच्या कप्प्यात ठोकलेला क्रमांक व पुढच्या बैठकीमागे रिबेट मारलेली पत्र्याची लहान पट्टी, जिच्यावर बांधणीची तारीख, रंग व जादा सोयी सांकेतिक अंकांत कोरलेल्या असतात, यांची परस्पर रुजवात घालावी. वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगन संग्रहालय कारखान्याच्या दप्तरावरून गाडीचा जन्मदाखलाही देते. ब्राझीलमधील गाड्यांचे गणित वेगळे: साओ पाउलोजवळच्या कारखान्यात १९५७ पासून ही गाडी बने, दुभंगलेल्या काचेचा अवतार तेथे १९७५ पर्यंत चालला, आणि तिचे वंशज, अखेरच्या काळात पाण्याच्या इंजिनावर, डिसेंबर २०१३ पर्यंत निघत राहिले, म्हणून १९७२ सालची दुभंगल्या काचेची गाडी पुढ्यात आली तर ती खोटी न मानता ब्राझीलची मानावी, आणि किंमतही त्या हिशेबाने बोलावी. कापून केलेली सांबा विकणे माझ्या मते गैर नाही. ती कापलेली आहे हे न सांगणे गैर आहे.

गाडी खाली आणण्याचा प्रकार याहून खोल जातो. मूळ रचनेत मागच्या प्रत्येक चाकापाशी दातेरी चक्रांची एक जादा पेटी असते, लष्करी मोटारीच्या अनुभवातून आलेली. तिच्यामुळे आस जमिनीपासून उंच राहतो आणि चाकांवर पोहोचणारा जोर वाढतो. गाडी बुटकी व ऐटबाज दिसावी म्हणून हौशी लोक ही पेटी काढून टाकतात व साध्या मोटारीचा आस जोडतात. रस्त्यावर वेग वाढतो, इंजिनाचे फेरे कमी होतात, आवाज निवतो, आणि मालकाला वाटते की आपण गाडी सुधारली. परंतु पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवरच फिरतो. भरल्या गाडीने चढ चढताना, जेव्हा उष्णता सर्वाधिक आणि वाऱ्याची गरजही सर्वाधिक, तेव्हा इंजिन मंद गतीने कण्हत असते आणि पंखाही तितकाच मंदावलेला असतो. सपाट समुद्रकिनाऱ्यावर सायंकाळी फेरी मारणाऱ्यास हा बदल चालेल. कुटुंब घेऊन डोंगरात जाणाऱ्याने गिअरबॉक्समधील दात्यांचे प्रमाणही बदलून घेतले आहे काय, हे विचारल्याखेरीज बयाणा देऊ नये.

मोठ्या इंजिनाचेही तसेच. मूळच्या गाडीत १९६५ साली १५०० घनसेंटिमीटरचे इंजिन होते. त्याऐवजी १६०० चे बसविणे हा सरळ आणि समंजस बदल, कारण ते त्याच घराण्यातले धाकटे भावंड होय. त्यापलीकडे १७७६ किंवा १९१५ घनसेंटिमीटरपर्यंत वाढविलेली इंजिने असतात, त्यांतील दट्टे मोठे व सिलिंडरांच्या भिंती त्या मानाने पातळ. त्यांना वाढीव वंगण, वेगळा वंगण-शीतक आणि अस्सल पत्रे यांची जोड नसेल तर ती फार काळ टिकत नाहीत. येथे एक जुने वैगुण्य लक्षात ठेवावे. १९७१ पूर्वीच्या आवरणात वंगण-शीतक वाऱ्याच्या वाटेतच उभा असे, त्यामुळे त्याच्या मागे पडणाऱ्या तिसऱ्या सिलिंडरला हवा कमी मिळे आणि झडप जळण्याची तक्रार बहुधा तेथूनच सुरू होई. पुढे कारखान्याने शीतकाला आवरणाबाहेर स्वतंत्र खोपटे दिले. फेरफार करणाऱ्याने ही सुधारणा उचलली असेल, तर तो वाचून-समजून काम करणारा माणूस आहे हे ओळखावे. उलट चकाकणाऱ्या नळ्या आणि रंगीत तारा यांनी कप्पा सजविला आहे, पण कडेची रबरे गायब आहेत व खालचा रस्ता फटींतून दिसतो आहे, असे आढळल्यास गाडी आपलीच तप्त हवा पुन्हा पुन्हा पीत आली आहे असे समजावे. पेट्रोलची नळी जुनी व भेगाळलेली असेल तर तेवढ्यासाठी गाडी जागेवरून हलवू देऊ नये. या इंजिनाच्या पेटीत मॅग्नेशियम असते, ते पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

गंजाविषयी थोडक्यात. तो उंबऱ्याखालच्या पेटीत, चाकांच्या कमानींत, बॅटरीच्या तबकाखाली आणि छताच्या पन्हळीत लपतो, आणि रंगाऱ्याची लांबी त्याला झाकते; लोहचुंबक कापडात गुंडाळून अंगावरून फिरवावा, तो जेथे चिकटेनासा होतो तेथे पत्रा उरलेला नाही.

एवढे पाहून झाल्यावर मालकास विनंती करावी की, गाडी आपण येण्यापूर्वी तापवून न ठेवता थंडच असू द्यावी. किल्ली फिरवताच लाल दिवा लागतो, इंजिन धरते, दिवा विझतो, आणि शिवणयंत्र व विमान यांच्या मधला तो कोरडा खडखडाट सुरू होतो. मग गाडी जवळच्या चढावर न्यावी, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हू न देता दहा-पंधरा मिनिटे चढवावी, उतरून परत आणावी, इंजिन बंद करून मागचे झाकण उघडावे आणि वंगण मोजण्याची लोखंडी पट्टी बाहेर काढावी. ती बोटांत धरवत नसेल तर नमस्कार करून निघावे. धरवत असेल, तर मालकाशी किमतीचे बोलणे सुरू करावयास हरकत नाही.